हत्तीण माहेरी आली का?



मी धुळे जिल्ह्यात नरडाण्याजवळच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या पोरांना हत्ती म्हटलं की आधी 'छोटा हत्ती' टेम्पो आठवतो. हायवेवर आणि एमआयडीसीकडे दिवसभर तोच दिसतो ना!

मागे चौथीच्या वर्गात 'भेटवस्तू' या विषयावर गप्पा चालल्या होत्या. मी विचारलं, "एक देश दुसऱ्या देशाला काय भेट देत असेल?" पैसे, विमान, साडी अशी उत्तरं आली. मग मी ही गोष्ट सांगितली. तुम्हीही वर्गात सांगू शकता.

दुसरं महायुद्ध चालू होतं. बॉम्ब पडले तर जनावरं मोकाट सुटतील या भीतीने १९४३ मध्ये टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातले अनेक प्राणी मारले गेले. तिथले तीन हत्ती उपाशी ठेवून मारले. युद्धानंतर टोकियोच्या मुलांना हत्ती बघायचा होता. त्यांनी आपले पंतप्रधान पंडित नेहरू यांना पत्रं लिहिली. सप्टेंबर १९४९ मध्ये म्हैसूरकडची एक हत्तीण जहाजाने जपानला पोचली. नेहरूंनी तिला आपल्या लेकीचं नाव दिलं, इंदिरा. तिला कन्नड शब्दच कळायचे. म्हणून सोबत गेलेल्या माहुतांकडून तिथल्या रखवालदारांना ते शिकून घ्यावे लागले.

वर्ग खूश झाला. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, ती परत माहेरले उनी का?"

माहेरी आली का? मी क्षणभर गप्प झाले. मग खरं ते सांगितलं. नाही आली. १९५७ मध्ये नेहरू जपानला गेले तेव्हा लेकीसोबत तिला भेटून आले. पण इंदिरा हत्तीण उएनोमध्येच राहिली आणि १९८३ मध्ये तिथेच गेली.

विषय निघालाच होता म्हणून पांडाचंही सांगितलं. १९७२ मध्ये चीनने अमेरिकेशी आणि जपानशी संबंध सुधारले, तेव्हा दोन्ही देशांना पांडाची एकेक जोडी भेट दिली. जपानची जोडी, कांग कांग आणि लान लान, त्याच उएनोमध्ये आली. म्हणजे आपली इंदिरा आणि चीनचे पांडा काही वर्षं एकाच अंगणात नांदले! लान लान १९७९ मध्ये आणि कांग कांग १९८० मध्ये तिथेच मेले.

१९८४ च्या सुमारास चीनने पांडा कायमचे देणं बंद केलं. आता ते ठरावीक वर्षांच्या कराराने जातात. एका जोडीसाठी वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम द्यावी लागते. तिकडे पिल्लू झालं तरी ते चीनचंच, पुढे त्याला परत पाठवावं लागतं.

"म्हणजे भाड्यानं!" एक मुलगा ओरडला. सगळे हसले. मीही हसले, पण मनात ती 'माहेर' घोळत राहिली.

कारण सांगते. माझ्या लग्नात बाबांनी मला एक लाल कालवड आंदण दिली होती. ती छोट्या हत्तीतूनच सासरी आली. दोन दिवस तिने चाऱ्याला तोंड लावलं नाही. शेवटी बाबा आले, गोठ्यात तिच्याजवळ बसले. तिला कशी हाक मारायची, पाणी कधी दाखवायचं, हे सासूबाईंना सांगितलं. मग ती खाऊ लागली. पण दुसऱ्या वर्षी चाऱ्याची टंचाई झाली आणि तिला बाजारात विकलं. मी काही बोलले नाही. बाबांनी फोनवर विचारलं, "कालवड कशी आहे?" मी म्हटलं, "छान आहे." आज इतकी वर्षं झाली, ते खोटं मी दुरुस्त केलेलं नाही.

आधी मलाही वाटायचं की मनापासून दिलेली भेट मोठी आणि भाड्याचा करार म्हणजे नुसता व्यवहार. आता तसं वाटत नाही. पैशांचं सोडा, पण करारात देणाऱ्याचा विचारायचा हक्क राहतो आणि घेणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. भेट देताना आपण हात झटकून मोकळे होतो. खेळणं, पेन, साडी दिली तर ते चालतं. जिवंत जीव दिला तर चालत नाही. देणाऱ्याने जाऊन बघावं, घेणाऱ्याने त्याची भाषा शिकावी. उएनोच्या रखवालदारांनी निदान कन्नड शब्द तरी शिकले.

मित्रांनो, हा पाठ घेताना शेवटी मुलांना एकच प्रश्न द्या: "तुमच्या घरातलं शेळीचं पिल्लू कुणाला द्यायचं झालं, तर त्या माणसाला तुम्ही काय काय सांगाल?" माझ्या वर्गात प्रत्येकाने लिहिलं. त्या मुलीने एकच ओळ लिहिली, की मी दर रविवारी बघायला येईन.

या दिवाळीत माहेरी गेले की बाबांना कालवडीचं खरं सांगणार आहे.