झोपेचा हिशेब

संगणकावर लिहिण्याचा मला काही अधिकार नाही, हे प्रारंभीच कबूल करतो. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. शाळा मराठी माध्यमाची, घराबाहेरचे निम्मे बोलणे कानडीत, आणि 'प्रोसेस' या शब्दाशी माझी ओळख कॉस्टिंगच्या पुस्तकापुरती. तरीसुद्धा हा लेख संगणकाच्या झोपेवर आहे. त्याला कारण माझे आजोळ, आणि त्या आजोळी एका रात्री माझ्या हातून घडलेली चूक.

माझे आजोळ बडोद्याला, प्रतापनगरात. प्रतापनगर म्हणजे रेल्वेची वस्ती. पश्चिम रेल्वेच्या बडोदा विभागाची कचेरी तिथेच आहे. गायकवाडांच्या राज्यात १८६२ साली डभोई-मियागाम मार्गावर अडीच फुटी रुळांवरून बैलांनी ओढलेली गाडी धावली. पुढे बैल गेले, इंजिने आली, आणि त्या अरुंद रुळांच्या जाळ्यात प्रतापनगर हे एक महत्त्वाचे ठिकाण झाले. आता डभोईवरून केवडियापर्यंत रुंद रूळ गेले आहेत. जानेवारी २०२१ मध्ये त्यांवरून गाड्याही सुरू झाल्या. पण आमच्या आजोबांच्या बोलण्यातली गाडी अजून अरुंद रुळांवरूनच धावते.

आजोबा रेल्वेत लागले ते कॉलबॉय म्हणून. हा शब्द आज कोणाला ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. ड्रायव्हर, फायरमन, गार्ड यांच्या ड्यूटीला दिवसरात्रीचा नेम नसे. रात्री तीनची गाडी असली म्हणजे दीड-दोन वाजता कोणीतरी त्यांच्या दारावर थाप मारून त्यांना उठवायला हवे. तो 'कोणीतरी' म्हणजे कॉलबॉय. एका हातात कंदील, काखेत कॉलबुक, आणि पायांखाली सायकल. माणूस उठला, की कॉलबुकात वेळ लिहून त्याची सही घ्यायची. आजोबा सांगतात, "नुसता 'हो, उठलो' असा आवाज आला तर निघायचं नाही. आवाज झोपेतही येतो. सही झोपेत येत नाही."

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी प्रतापनगरला गेलो होतो. माझ्या मामेभावाने, म्हणजे दादाने, कोणीतरी टाकून दिलेला एक जुना लॅपटॉप आणून त्यावर लिनक्स बसवले होते. माझ्या टॅलीच्या सरावाला नाही, तरी टंकलेखनाला तो पुरेल असे त्याचे म्हणणे. परंतु त्या यंत्राची एक चमत्कारिक खोड होती. ते चालता चालता थबके. पडद्यावरचे घड्याळ थांबे, अर्धवट उघडलेली खिडकी तशीच राही. बिघडले म्हणावे तर एखादी कळ दाबताच पुन्हा चालू लागे! थोडे पुढे जाई आणि परत थबके. सतत कळा दाबत बसलो तर काम सुरळीत चाले. जणू काही झोपाळू गड्याला दर मिनिटाला ढोसावे लागत होते.

आजोबा खाटेवरून हे पाहत होते. ते म्हणाले, "याला उठवणारा कोणी नाही."

आम्ही हसलो. पण दादाने दोन दिवस खटपट करून जे निदान काढले, ते आजोबांच्या वाक्याहून फारसे वेगळे नव्हते. मला जेवढे समजले तेवढे माझ्या भाषेत मांडतो.

ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा, त्याला कर्नेल म्हणतात. कोणते काम केव्हा करायचे हे कर्नेल ठरवते. प्रोसेसरला काम नसते तेव्हा त्याने उगाच वीज जाळू नये, म्हणून त्याला विश्रांतीच्या पायऱ्या नेमून दिलेल्या असतात. १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी मिळून जी नियमावली केली, तिच्यात या पायऱ्यांना सी-शून्य, सी-एक, सी-दोन, सी-तीन अशी नावे आहेत. सी-शून्य म्हणजे कामात. सी-एक म्हणजे खुर्चीतली डुलकी. सी-तीन म्हणजे गाढ झोप. पायरी जितकी खालची तितकी विजेची बचत जास्त, आणि उठायला वेळही जास्त.

आता गंमत अशी, की पूर्वी ही झोप सलग मिळतच नसे. लिनक्सच्या कर्नेलला सेकंदाला शंभर, अडीचशे किंवा हजार ठोके पडत. काम असो वा नसो, प्रत्येक ठोक्याला प्रोसेसरने डोळे उघडायचे. २००७ साली २.६.२१ या आवृत्तीत थॉमस ग्लाइक्सनर, इंगो मोल्नार आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामामुळे ही रीत बदलली. काम नसेल तर ठोके बंद. पुढचे काम ज्या वेळी असेल त्या वेळेचा एकच गजर लावायचा आणि निजायचे. त्याच वर्षी ओटावाच्या परिषदेत वेंकटेश पल्लीपडी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी या विश्रांतीच्या व्यवस्थेवर एक निबंध वाचला. त्याच्या नावाचा मराठीत अर्थ होतो, 'काहीच करू नका, पण काटकसरीने करा!' आमच्या वर्गातील काही मित्रांना हे वाक्य फार आवडेल.

या व्यवस्थेत मला माझा विषय भेटला. गाढ झोपेत जायलाही खर्च येतो आणि बाहेर यायलाही. म्हणून कर्नेलजवळ प्रत्येक पायरीचे दोन आकडे असतात: उठायला किती वेळ लागतो, आणि किमान किती वेळ निजले तर जाण्यायेण्याचा खर्च भरून निघतो. पुढचा गजर केव्हा आहे आणि अलीकडे मध्येच किती वेळा उठावे लागले, हे पाहून ते पायरी निवडते. वाचकहो, हा आपला ब्रेक-ईव्हन पॉइंट नव्हे तर काय? दुपारी गिऱ्हाईक नसताना शटर पाडून घरी जायचे, की गल्ल्यामागेच पाठ टेकायची, हा हिशेब निपाणीच्या बाजारातला प्रत्येक दुकानदार करतो. तोच हिशेब हे यंत्र सेकंदाच्या लहानशा अंशात करते.

पण हा सारा हिशेब एका गोष्टीवर उभा आहे. लावलेला गजर वाजला पाहिजे. आणि बरोबर तिथेच जुन्या यंत्रांत घोटाळा होता. प्रत्येक प्रोसेसरच्या पोटातच एक टायमर असतो. तो जवळचा, म्हणून वापरायला सोयीचा. परंतु त्या काळच्या अनेक प्रोसेसरांत सी-तीनच्या गाढ झोपेत हा टायमरही बंद पडे. म्हणजे ज्याने उठवायचे तोच निजणाऱ्याच्या कुशीत घोरत पडलेला! मग कळ दाबल्याचा धक्का बाहेरून येई तेव्हा कुठे प्रोसेसर जागा होई. आमच्या लॅपटॉपचे हेच झाले होते. वेळ मोजणाऱ्या आतल्या दुसऱ्या एका मोजकाची हीच कथा. तो झोपेत थांबतो म्हणून भरवशाचा नाही, अशी नोंद कर्नेलने स्वतःच करून ठेवलेली दादाने मला दाखवली. स्वतःच्या घड्याळावर विश्वास नसल्याचे असे लेखी कबूल करणारे यंत्र मी पहिल्यांदाच पाहिले.

दादाने प्रथम सोपा उपाय केला. यंत्र सुरू होतानाच त्याला आज्ञा दिली, की पहिल्या पायरीखाली उतरायचे नाही. थबकणे तत्काळ गेले. पण पंखा घोंघावू लागला, लॅपटॉप मांडीवर ठेववेना, आणि बॅटरी पाहता पाहता संपू लागली. न झोपण्याची किंमत ती. मग त्याने दुसरी आज्ञा दिली: आतल्या टायमरवर विसंबू नकोस, बाहेरचा वापर. मदरबोर्डवर प्रोसेसरच्या बाहेर आणखी एक टायमर असतो. तो प्रोसेसरबरोबर निजत नाही. निजण्यापूर्वी प्रत्येक प्रोसेसरने आपली उठण्याची वेळ त्याच्याकडे सांगून ठेवायची. त्याने सर्वांत आधीच्या वेळेचा गजर लावायचा, आणि ती वेळ होताच ज्यांची ज्यांची पाळी आली असेल त्यांना निरोप पोचवायचा. ही व्यवस्था कर्नेलमध्ये तयारच होती. आमच्या यंत्रात ती आपोआप लागू झाली नव्हती, इतकेच. लॅपटॉप थंड झाला, आणि थबकायचाही थांबला.

आजोबांना हे समजावून सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे कॉलबॉय ठेवलात."

यानंतर चार दिवसांनी ती रात्र आली. आजोबांना मधुमेह आहे. इन्शुलिनचे प्रमाण नुकतेच बदलले होते, म्हणून काही दिवस पहाटे तीनला उठून साखर तपासा, असे डॉक्टरांनी बजावले होते. हे काम मामा करीत. त्या आठवड्यात मामांना रात्रपाळी आली, मामी माहेरी होत्या, दादा परीक्षेसाठी अहमदाबादला गेलेला. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "मामा, तुम्ही निर्धास्त जा. मी आहे." मोबाइलवर तीनचा गजर लावला, मोबाइल उशीखाली ठेवला आणि झोपलो.

गजर वाजला असणारच. तो मी बंद केला असणार. मला काहीच आठवत नाही.

जाग आली ती कोणीतरी खांदा हलवत होते म्हणून. चार वाजायला दहा मिनिटे होती. आजोबा भिंतीला धरून उभे होते. सदरा घामाने भिजलेला, हात थरथरत होते. म्हणाले, "ऊठ बाळ. कॉल आहे." यंत्रावर आकडा आला ५४. मी धावत जाऊन साखरेचे पाणी आणले. ते पाजताना माझे हात त्यांच्या हातांहून जास्त कापत होते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले तेव्हा आकडा वर आला होता. आजोबा एवढेच म्हणाले, "सवय आहे रे. तीनच्या पुढे मला झोप लागतच नाही." ती सवय नसती तर काय झाले असते, याचा विचार मी अजूनही पुरता करू शकत नाही.

उरलेली पहाट मी जागाच होतो. वाटले, त्या लॅपटॉपची आणि माझी चूक एकच. गजर वाजवणारा माझ्या उशीखाली, तो बंद करणारा हात माझाच, आणि तो हात झोपेत. लॅपटॉपला हसणारा मी!

मामा सकाळी आले, तेव्हा सारे खरेखरे सांगितले. ते रागावले नाहीत. त्या रात्रीपासून बरोबर तीनला ते ड्यूटीवरून फोन करू लागले. नुसता फोन उचलून भागत नसे. आजोबांची साखर तपासून आकडा सांगेपर्यंत ते फोन ठेवत नसत. ती त्यांची कॉलबुकातली सही.

हे सारे होऊन गेल्यावर दादाने आणखी एक गोष्ट सांगितली. २०१० च्या सुमारास गाढ झोपेतही बंद न पडणारे टायमर प्रोसेसरच्या पोटातच येऊ लागले, आणि तिथे बाहेरच्या कॉलबॉयची गरज कमी झाली. परंतु आयबीएमच्या पॉवर जातीच्या काही संगणकांत आतला टायमर गाढ झोपेत थांबतो आणि बाहेर दुसरा टायमरच नाही. २०१४ साली लिनक्समध्ये त्यावर तोड निघाली. सगळ्यांनी एकदम गाढ झोपायचे नाही. कोणीतरी एक प्रोसेसर हलक्या झोपेत राहील आणि त्याच्या टायमरवर इतरांना उठवील. तो कामातून काढला गेला, तर ही जबाबदारी दुसऱ्याकडे सोपवली जाईल.

ऐकून मला आईची आठवण झाली. दहावीपासून आजपर्यंत परीक्षेच्या दिवसांत मला पहाटे चारला तिने उठवले. तिला कोण उठवत होते, हे मी कधी विचारले नाही. कन्नडमध्ये 'एच्चर' हा एक शब्द आहे. त्याचा अर्थ जागेपण, आणि त्याचाच अर्थ सावधपण. लहानपणापासून तो मी रस्त्यावर, बसस्टँडवर ऐकतो आहे. त्या पहाटेपर्यंत त्यातले दोन अर्थ मला वेगळे वाटत होते.

आम्ही वाणिज्याचे विद्यार्थी प्रत्येक नावेला जमा शोधतो. घरात एकाला निर्धास्त झोप मिळाली, तर ती दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर नावे पडलेली असते. आजोबांच्या नावावर अशा किती रात्री असतील? मी त्यांना विचारले. ते म्हणाले, "कॉलबुकं रेल्वेनं ठेवून घेतली. मी कशाला मोजतोय?"

निघण्याच्या आदल्या दिवशी मी एक वही आणून तिच्यात रकाने आखले: तारीख, वेळ, साखर, सही. त्या रात्री फोन येण्याआधीच मी जागा होतो. तीनला आकडा लिहिला आणि वही आजोबांपुढे धरली. त्यांनी चष्मा लावला, वेळ तपासली, आणि कापऱ्या अक्षरात सही केली. मग म्हणाले, "आता नीज."