०.३३

तिसऱ्या सेमिस्टरला आम्हाला पॅसिव्ह बँड-पास फिल्टर बनवायचा होता. पॅसिव्ह म्हणजे ट्रान्झिस्टर नाही, आयसी नाही; नुसते रेझिस्टर आणि कपॅसिटर. पहिली आरसी जोडी खालच्या फ्रिक्वेन्सी अडवते, दुसरी वरच्या. मधल्या तेवढ्या पुढे जातात.

दोन्ही जोड्यांना मी १० किलोओहम आणि ०.०१ मायक्रोफॅराड लावले. एक भागिले दोन पाय आरसी, म्हणजे साधारण १५९० हर्ट्झ. तिथे प्रत्येक जोडीतून ०.७०७ पट सिग्नल येतो, दोन्ही मिळून निम्मा. १ व्होल्ट दिला की ०.५ मिळणार. हिशेब घरूनच करून आणला होता.

सीआरओवर आले ०.३३.

वायरी बदलल्या, ब्रेडबोर्ड बदलला. तरी ०.३३च. पार्टनर म्हणाली, "अगं, वेळ संपत आली, लिही ना ०.५." मी लिहिलं. तिच्यावर ढकलत नाही. पेन माझ्याच हातात होतं.

वही तपासताना मॅडम त्या आकड्यावर थांबल्या. "अगदी ०.५? दाखव बघू." जोडणी अजून टेबलावरच होती. सीआरओ लावला आणि मी मान खाली घातली. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "खरं माप खोटं ठरवलंस की गं."

मग त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. दुसरी जोडी आपला करंट पहिलीकडूनच ओढते. मी मात्र दोघींचा हिशेब वेगवेगळा केला होता, जणू त्यांचा एकमेकींशी संबंधच नाही. किमती सारख्या असल्या की मधल्या फ्रिक्वेन्सीला नेमका एक तृतीयांश उरतो. म्हणजे सर्किट बरोबर होतं, माझं गृहीतक चुकलं होतं.

उपायही सोपा निघाला. पहिल्या जोडीला १ किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅराड लावले. गुणाकार तोच, फ्रिक्वेन्सी तीच. पण दुसरीचा रेझिस्टर आता पहिलीच्या दहापट, म्हणून तिचा भार कमी पडतो. या वेळी ०.४७ आले. पूर्ण ०.५ नाहीच. ते तसंच लिहिलं.

त्या प्रयोगाला १० पैकी ६ मार्क पडले. त्याचं काही वाटलं नाही. पण घरी आल्यावर पहिल्या दोन सेमिस्टरच्या वह्या काढल्या. सगळी मापं पुस्तकाशी तंतोतंत जुळत होती. तेव्हा मात्र पोटात गोळा आला.