वाढत्या अंगाचें हेल्मेट

पोरांचे कपडे शिवावयाचे ते वाढत्या अंगाचे, हा आपल्या घरांतील जुना दंडक आहे. सदऱ्याच्या बाह्या दुमडावयाच्या, परकराला आंतून दुमड घालावयाची, आणि थोरल्याचें धाकट्यास पुरवावयाचें. एकत्र कुटुंबाचा संसार चालतो तो अशा काटकसरीवर. ३६ वर्षें शाळेंत संस्कृत शिकवीत आम्हींही आपलें घर याच रीतीनें चालविलें, व तिजबद्दल आमच्या मनांत आदरच आहे. परंतु नियम म्हटला कीं त्यास अपवाद असावयाचाच, हें आम्हांस व्याकरणानें शिकविलें. आणि या नियमाचा अपवाद मध्यंतरीं आमच्या घरींच उभा राहिला.

सन २०२४ च्या जानेवारींत पुण्यास बालेवाडीच्या क्रीडासंकुलांत डर्ट बाइकच्या शर्यती झाल्या. मातीच्या उंचवट्यांवरून उडणाऱ्या त्या गाड्या पाहून आल्यापासून आमच्या दहा वर्षांच्या नातवानें धोसरा धरला. बंदिस्त मैदानावर, शिक्षकाच्या देखरेखीखालीं शिकावयाचें, या अटीवर त्याच्या वडिलांनीं रुकार दिला. या वयाच्या मुलानें सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालविणें कायद्यानें निषिद्धच आहे, तेव्हां तो प्रश्न नव्हता. प्रश्न होता हेल्मेटचा.

थोरल्या पुतण्याचें जुनें हेल्मेट माळ्यावर होतें. वहिनींनीं तें पुसून खालीं काढलें. दादा म्हणाले, “नवेंच घ्यावयाचें तर दोन नंबर मोठें घे. पोर वर्षांत वीतभर वाढेल. तोंवर आंत फडकें कोंब.” वडील भावाचा शब्द मोडण्याची आमच्या घरीं चाल नाहीं. तथापि आम्ही नम्रपणें म्हणालों, “दादा, सदरा सैल झाला तर फार तर लोक हंसतील. हेल्मेट सैल असलें तर पोर जमिनीवर आदळण्यापूर्वींच तें डोक्यावरून निघून जाईल.”

शिरस्त्राण या शब्दांतच त्याचें कार्य सांगितलेलें आहे. तें त्राण होतें कसें, हें पाहावें. बाहेरील टणक कवच आघात एकाच ठिकाणीं न राहूं देतां पसरवितें. आंतील थर्मोकोलचा जाड थर दबतो, चुरडतो, आणि चुरडतां चुरडतां डोक्याचा वेग हळूहळू उतरवितो. त्यामुळें मेंदूस बसणारा हिसका कमी होतो. हा थर रबरासारखा पुन्हा फुगून येत नाहीं. म्हणून एकदां जोराचा मार खाल्लेलें हेल्मेट बाहेरून लखलखीत दिसलें, तरी आंतून संपलेलें असूं शकतें. माळ्यावरचें हेल्मेट किती वेळां आपटलें, हें पुतण्यासही आठवेना. तें नाकारण्यास तेवढें कारण पुरेसें होतें. त्याचा पट्टा आम्हीं कापून टाकला, म्हणजे पुन्हा कोणाच्या डोक्यावर चढावयास नको.

हा विचार आजचा नाहीं. ‘अरबस्तानचा लॉरेन्स’ म्हणून विख्यात झालेले टी. ई. लॉरेन्स १९३५ सालीं मोटारसायकलच्या अपघातांत निवर्तले. डोक्यावर हेल्मेट नव्हतें. त्यांच्या उपचारास बोलाविलेले शस्त्रवैद्य ह्यू केर्न्स यांनीं पुढें अशा जखमांचा अभ्यास करून १९४१ सालीं हेल्मेटचें महत्त्व सांगणारा निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेंत १९५६ सालीं पीट स्नेल हा शर्यतपटू तर हेल्मेट असूनही डोक्यास मार लागून वारला. त्याच्या नांवें १९५७ सालीं निघालेली संस्था हेल्मेटांची परीक्षा घेते, व मुलांच्या मोटार-शर्यतींसाठीं तिची निराळी कसोटी आहे. आपल्याकडे दुचाकीच्या हेल्मेटवर आयएसआय चिन्ह १ जून २०२१ पासून सक्तीचें झालें आहे. चिन्हावांचून मिळणारें हेल्मेट स्वस्त म्हणून घेऊं नये.

दुकानांत मुलास बरोबर न्यावें. भुवयांच्या वर सुमारें एक इंच व मागें डोक्याचा सर्वांत फुगीर भाग, यांवरून फीत फिरवून माप घ्यावें. हेल्मेट चढविल्यावर गाल किंचित दाबले जावे. मग तें धरून डावीउजवीकडे हालवावें. कपाळाची कातडी त्याबरोबर हालली पाहिजे. हनुवटीखालीं पट्टा आंवळून मागची कड पुढें उचलावी. हेल्मेट सुटूं लागलें तर तें परत द्यावें. ही परीक्षा आमच्या दादांनीं स्वहस्तें केली, आणि दोन नंबर मोठें हेल्मेट सहज निघून आलेलें पाहून त्यांनींच तें बाजूस ठेविलें. योग्य वाटलेलें हेल्मेट पंधरा मिनिटें डोक्यावर राहूं द्यावें. कपाळ एकाच जागीं दुखूं लागलें तर दुसऱ्या घडणीचें पाहावें. डर्ट बाइकच्या हेल्मेटास बहुधा कांच नसते, गॉगल निराळा लागतो. तो आंत नीट बसतो कीं नाहीं तेंही पाहावें. वजन हातांत घेऊन अजमावावें, कारण मुलाची मान कोवळी असते.

एवढें करून घेतलेलें हेल्मेट दोन वर्षांत लहान होईल व पुन्हा खर्च येईल, हें खरें. तो खर्च आम्ही पेन्शनींतून आतांपासूनच बाजूस काढून ठेवीत आहों. काटकसर ही गृहस्थाश्रमाची शोभा होय, परंतु कोणत्या वस्तूंत ती करावयाची नाहीं हें ठरविणें हाही गृहस्थधर्मच. आमच्या वाचकांच्या घरीं असा हट्ट निघाल्यास त्यांनीं मुलाच्या उद्यांच्या डोक्याचा हिशेब करूं नये. आजचें डोकें मोजावें.