निझव्याची वीण

मस्कतच्या एका पेढीत हिशेबनीस म्हणून रुजू झाल्यावर दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टात, एका शुक्रवारी, निझव्याचा किल्ला पाहावयास मी बोडक्या डोक्यानेच निघालो. इमाम सुलतान बिन सैफ यांनी सतराव्या शतकाच्या मध्यास बांधविलेल्या त्या प्रचंड वर्तुळाकार बुरुजाच्या माथ्यावर घटकाभर उभा राहून खाली उतरलो, तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. सूकमध्ये, म्हणजे तेथल्या बाजारात, एका ओट्यावर खजुरीच्या पातीचे काम करीत बसलेल्या वृद्ध गृहस्थांनी माझी अवस्था ओळखून मला सावलीत बसविले, पाण्याचा पेला व खजुराची थाळी पुढे सरकविली, आणि त्या मुलखात रूढ असलेल्या हिंदीत म्हणाले, "सदीक, इतनी धूप में सिर खाली नहीं रखना."

त्यांच्या स्वतःच्या मस्तकावर बारीक कशिद्याचा कुम्मा होता. कारण ओमानी पुरुषाची नित्याची शिरोभूषा म्हणजे ही कशिद्याची टोपी, कुम्मा, किंवा मुस्सर नावाचा लोकरी फेटा, पातीची टोपी नव्हे. पलीकडे येमेनातील हद्रामौतच्या खोऱ्यात मात्र शेतात राबणाऱ्या स्त्रिया पातीच्या उंच, निमुळत्या टोप्या घालतात, आणि आपल्या कोकणात भाताच्या लावणीस जे इरले डोक्यापाठीवर घेतात त्याचेच उन्हाळी भावंड त्यांत मला दिसते. ओमानात हा हुन्नर टोपीपेक्षा टोपल्या, पंखे, चटया आणि खजूर भरावयाच्या 'जिराब' नावाच्या पोत्यांत मुरलेला आहे. त्याच विणीतून टोपीही उतरते, इतकेच.

माझ्यासाठी ती उतरताना मी दोन तास पाहिली. खजुरीच्या गाभ्यातील कोवळी पाती पांढरट आणि लवचीक असते, म्हणून नाजूक कामास तीच घेतात. ती उभी चिरून वाळवितात आणि विणण्यापूर्वी पुन्हा भिजवितात, कारण कोरडी पाती बोटांत मोडते. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या जुडीतून एकेक पाती ओढून घेत त्या गृहस्थांनी दोन बोटे रुंदीची एक लांबच लांब वेणी वळली. एक पाती संपत आली की दुसरीचे टोक तिच्याखाली असे सरकवावयाचे की सांधा नजरेस येऊ नये. मग तीच वेणी माझ्या कपाळाभोवती एकदा फिरवून, नखाने खूण करून, त्यांनी माप घेतले. टोपीचा आरंभ मध्यबिंदूपासून झाला: वेणीचे वेटोळे स्वतःभोवती फिरत गेले, आणि प्रत्येक फेऱ्याची कड आधीच्या फेऱ्याच्या कडेत पातीच्याच दोऱ्याने, जाड सुईने, ओवली गेली. कापणे नाही, जोडणे नाही; एकच वेणी शेंड्यापासून काठापर्यंत.

तो चक्राकार सांधा पाहताच मला आमचे सांगलीचे दुकान आठवले. वडिलांच्या वाणसामानात खारकेचा गठ्ठा येई तो पातीच्या अशाच पोत्यात, आणि पोते रिकामे झाले की त्याची शिवण उसवण्याचे काम आम्हा भावंडांकडे असे. एक टोक सापडले की ते पोते उलगडत जाई आणि सबंध ओसरीभर एकच पट्टी पसरे. पोते म्हणजे गुंडाळलेली वेणी आहे हे आठव्या वर्षी मी हाताने शिकलो होतो. ती वळली कशी हे कळावयास मला निझव्यास यावे लागले.

ही गोष्ट मी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितली तेव्हा त्या वृद्धांचे हात प्रथमच थांबले. त्यांचे वडील जिराबच विणीत. मब्सली जातीचा पिवळा, कच्चा खजूर मोठ्या कढयांत उकळून उन्हात वाळवीत. गावच्या गाव त्या कामास जुंपलेले असे, आणि त्याची रवानगी बहुतांशी हिंदुस्थानाकडे होई. आपण ज्याला खारीक म्हणतो, जी सुवासिनीच्या ओटीत घालतो आणि बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांत कुटून टाकतो, ती हीच. "तुम लोग उसको क्या बोलते थे?" असे त्यांनी विचारले. "मस्कती," मी म्हणालो, आणि ते उच्चारतानाच त्या शब्दातील अन्याय मला जाणवला. मस्कत हे बंदर. तेथे माल गलबतावर चढे, एवढाच त्याचा संबंध. इक्वेडोरच्या कारागिरांनी विणलेल्या टोप्या पनामाच्या मार्गाने परमुलखात गेल्या म्हणून सगळे जग त्यांना पनामा म्हणते, आणि 2012 साली युनेस्कोने त्या विणकामाला मानवजातीच्या वारशात स्थान दिल्यावरही ते नाव सुटलेले नाही. खजुरीसंबंधीच्या ज्ञानाला आणि हुन्नराला तोच मान 2019 साली मिळाला, त्या देशांच्या यादीत ओमान आहे. पण सांगलीच्या ज्या मुलाने ते पोते उसवले त्याला निझव्याचे नावही ठाऊक नव्हते. व्यापाऱ्याच्या रोजनाम्यात बंदर नोंदले जाते, जकात नोंदली जाते, विणणाऱ्याची बोटे नोंदली जात नाहीत, आणि आयुष्यभर अशाच नोंदी लिहिलेल्या माणसाला त्याची खंत वाटावी हे मला स्वाभाविक वाटते.

टोपीचे त्यांनी पाच रियाल घेतले. ती हातात ठेवण्यापूर्वी काठावरून अंगठा फिरवीत त्यांनी मला वेणीचा शेवट शोधावयास सांगितले. मी दोनदा सबंध काठ चाचपला, पण तो सापडला नाही. तेव्हा त्यांनी माझे बोट धरून आतल्या बाजूस, डाव्या कानाच्या वर, शेवटची पाती चार फेऱ्यांखालून आत वळविली होती तेथे नेऊन ठेवले.

आता सांगलीच्या घरी ती टोपी खुंटीला आहे. पावसाळी हवेत तिला ओल्या पातीचा वास येतो. येणारेजाणारे तिला मस्कती टोपी म्हणतात, आणि मी प्रत्येकाला ती खाली काढून, उलटी करून, आतले ते टोक दाखवितो.