भोकाचं कौतुक पुरे

अमेरिकन कंट्री गायक विली नेल्सनच्या गिटारला पडलेलं भगदाड मला बरीच वर्षं पूज्य होतं. 'ट्रिगर' तिचं नाव, सिनेमातला काउबॉय रॉय रॉजर्स याच्या घोड्यावरून ठेवलेलं. टेक्सासमधल्या हेलोटीस गावी एका दारुड्याने विलीची आधीची गिटार पायाखाली तुडवली, तेव्हा १९६९ साली त्याने ७५० डॉलरला ही मार्टिन एन-२० घेतली. नायलॉन तारांची, बोटांनी वाजवायची. अशा गिटारला पिकगार्ड, म्हणजे पिकच्या ओरखड्यांपासून फळी वाचवणारी पट्टी, नसतो. विली मात्र पिकनेच वाजवत राहिला आणि वरची पातळ फळी घासून घासून आरपार गेली.

त्या भोकावर मी अख्खं तत्त्वज्ञान रचलं होतं: वाद्य झिजू द्यावं, दुरुस्ती म्हणजे त्याचा इतिहास पुसणं. माझ्या स्वतःच्या गिटारचा ब्रिज (फळीवर चिकटवलेली, तारा अडकवायची पट्टी) पावसाळ्यात मागून उचलला, फळीला पोट आलं, तरी 'मुरतेय' म्हणून मी ते चारचौघांत मिरवत होतो.

मत फिरलं ते ऑस्टिनच्या मार्क अर्लवाइनबद्दल वाचून. हा कारागीर १९७०च्या दशकापासून ट्रिगर सांभाळतोय. भोक तो बुजवत नाही. पण आतल्या आधारपट्ट्या तपासतो, पक्क्या करतो, झिजलेल्या फळीवर लॅकरचा हात देतो. ज्याला मी बेफिकिरीची शोभा समजत होतो, त्यामागे एका माणसाची अशी नेमाची राखण होती!

आता मी झीज आणि मोडतोड वेगळी मोजतो. उडालेलं पॉलिश, बोटांनी खोलगट झालेला फ्रेटबोर्ड ही वाजवल्याची झीज. तिला हात लावू नये. ब्रिज उचलणं, आतली पट्टी सुटणं याचा रियाजाशी फारसा संबंध नाही. स्टीलच्या सहा तारा मिळून ७० किलोच्या आसपास ओढ देतात, दमट हवेने लाकूड फुगतं, उष्णतेने सरस ढिला होतो. कपाटावर नुसती पडलेली गिटारही अशी मोडते. (नव्या कोऱ्या गिटारी मुद्दाम खरवडून महाग विकणाऱ्यांबद्दल माझं मत आधीही वाईट होतं, आजही आहे.)

ट्रिगरचं भोक मला अजून आवडतं, खोटं कशाला बोलू? पण तुमच्या घरी जुनी गिटार असेल, तर आज ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून बघा. आत गेला, तर तारा सैल करा आणि गिटार कारागिराकडे न्या.