कृपेची हद्द

चेन्नईच्या दक्षिणेला, लोकलने तासाभरात पोचता येईल असं तांबरम आहे. मद्रास ख्रिश्चन कॉलेज 1937 साली शहर सोडून तिथल्या झाडीच्या आवारात गेलं आणि पुढच्याच वर्षी, 1938 च्या डिसेंबरात, जगभरच्या प्रॉटेस्टंट मिशनांची परिषद त्या आवारात भरली. ती खरं तर चीनमध्ये भरायची होती. जपानने चीनवर चढाई केली, म्हणून ती मद्रासकडे वळली. ख्रिस्ती नसलेल्या माणसाचं तारण होतं की नाही, या प्रश्नावर विसाव्या शतकातला सर्वांत मोलाचा वाद माझ्या मते इथे झाला.

मी याच शहरात ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकवते. माहेर नगरचं, मंडळी मराठी. वर्गात दरवर्षी कुणीतरी हा प्रश्न काढतंच, आणि काढणारा बहुतेक वेळा घराण्यातला पहिला ख्रिस्ती असतो. एका मुलीने तास संपल्यावर, बाकीचे गेल्यावर विचारलं होतं, ‘‘मॅडम, माझी आजी आता कुठे असेल?’’ आजी जन्मभर पहाटे उठून मुरुगनपुढे दिवा लावायची, दारी आलेल्याला जेवू घालायची. येशूचं नाव तिच्या कानावर पडलं असेल-नसेल. पुस्तकातला प्रश्न ‘इतर धर्मीय’ असा मोघम असतो. माझ्यापुढे तो कायम असा कुणाच्या तरी आजीचा, वडिलांचा होऊन येतो.

बायबल या बाबतीत एका सुरात बोलत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःला पित्याकडे जाण्याचा एकमेव मार्ग म्हणवतो, आणि प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणात तारण नाही असं बजावतो. पण त्याच पुस्तकात पुढे हाच पेत्र कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घरी जातो आणि कुठल्याही राष्ट्रातला देवभीरू, नीतीने वागणारा माणूस देवाला मान्य आहे असं कबूल करतो. पौल तीमथ्याला कळवतो, की सर्वांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे. पुढे मंडळीने यातली पहिली बाजू घट्ट धरली. चर्चबाहेर तारण नाही, हे तिसऱ्या शतकातल्या कार्थेजच्या सिप्रियानचं म्हणणं मुळात चर्चमधून फुटून निघालेल्यांना उद्देशून होतं. 1442 मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मसभेने ते यहुदी आणि मूर्तिपूजक अशा सगळ्यांवर बसवलं.

ही शिकवण माणसाला कुठे नेऊन सोडते, ते फ्रान्सिस झेवियरांच्या पत्रांत दिसतं. झेवियर 1545 मध्ये काही महिने मैलापूरला, संत थोमाच्या कबरीपाशी राहिले होते. पुढे ते जपानला गेले. तिथून परतल्यावर 1552 च्या आरंभी लिहिलेल्या पत्रात त्यांनी नोंदवलं आहे, की नव्या ख्रिस्ती झालेल्या जपानी लोकांना एकच दुःख आवरत नव्हतं : आमच्या मेलेल्या आईबापांचं काय? दान देऊन, प्रार्थना करून त्यांना सोडवता येईल का? झेवियरांचं उत्तर होतं, नाही. लोक रडत होते, आणि आपल्या मित्रांना रडताना पाहून आपल्यालाही वाईट वाटतं, हे त्यांनी लपवलेलं नाही. मला ते पत्र वाचताना नेहमी वाटतं, की त्यांच्या मनाला जे कळलं होतं ते त्यांच्या धर्मशास्त्राला कळलेलं नव्हतं.

मराठी माणसाने तर हा प्रश्न आपल्या घरचा मानावा. तंजावरच्या भोसल्यांपैकी तुळजाजी राजे 1787 साली वारले. त्यांनी दत्तक घेतलेल्या लहानग्या सरफोजींचा सांभाळ ख्रिस्तियान फ्रीड्रिख श्वार्ट्झ या लूथरन मिशनऱ्याने केला. चुलते अमरसिंग यांच्याकडून धोका वाढला, तेव्हा 1793 मध्ये मुलाला मद्रासला आणलं गेलं आणि गेरिके या मिशनऱ्याच्या हाताखाली त्याचं शिक्षण झालं. श्वार्ट्झ 13 फेब्रुवारी 1798 रोजी वारले, आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले. अखेरच्या आजारात श्वार्ट्झनी त्यांना जवळ बोलावून न्यायाने राज्य करायला सांगितलं आणि आपली शेवटची इच्छा बोलून दाखवली : तुमचं मन ख्रिस्ताकडे वळावं, म्हणजे देवाच्या सिंहासनापुढे आपली पुन्हा भेट होईल. श्वार्ट्झच्या चरित्रात हे नोंदलेलं आहे.

सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी भोसले कुळाचा मोठा मराठी शिलालेख बृहदीश्वराच्या देवळात कोरवला, काशीयात्रा केली, सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं. आणि लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून श्वार्ट्झचं संगमरवरी स्मारक घडवून तंजावरच्या चर्चमध्ये बसवलं. त्या शिल्पात म्हातारा मिशनरी अंथरुणावर आहे आणि पागोटं घातलेला तरुण राजा त्याचा हात हातात घेऊन उभा आहे. श्वार्ट्झच्या कबरीवरचा इंग्रजी मजकूर राजाचाच असल्याचं सांगतात. त्यात तो श्वार्ट्झला बाप म्हणतो. मद्रासमध्येही, सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या सेंट मेरी चर्चमध्ये, कंपनी सरकारने श्वार्ट्झचं स्मारक उभारलं आहे. ते देखणं आहे, पण जीव गुंततो तो तंजावरच्या शिल्पात, कारण ते मुलाने बापासाठी करवलेलं आहे. आता ती भेट झाली असेल का? श्वार्ट्झ ज्या शिकवणीत वाढले, तिच्या हिशेबाने नाही. पण ज्या प्रेमाने ते हे बोलले, ते प्रेम ख्रिस्ताकडूनच आलेलं असेल, तर ख्रिस्ताचं प्रेम श्वार्ट्झच्या प्रेमाहून तोकडं असेल, हे मला मान्य होत नाही.

तांबरमला हीच गाठ सोडवायला दोन मोठी माणसं आमनेसामने आली. हेंड्रिक क्रेमर हे डच विद्वान. परिषदेसाठी त्यांच्याकडून मुद्दाम एक जाडजूड ग्रंथ लिहवून घेतला होता. त्यांचं म्हणणं असं, की देवाने स्वतःला प्रकट केलं ते ख्रिस्तात. बाकीचे धर्म कितीही उदात्त असोत, ते माणसाच्या धडपडीतून उभे राहिलेले आहेत, आणि त्यांच्यातून ख्रिस्ताकडे सरळ वाट जात नाही. क्रेमर घरबसले पंडित नव्हते. त्यांची बरीच वर्षं जावात गेली होती, इस्लामचा त्यांचा अभ्यास खोल होता. शिवाय साल 1938 होतं. जर्मनीत वंशाच्या आणि रक्ताच्या हाकेत देवाचा आवाज ऐकू येतो म्हणणारे ख्रिस्ती निघाले होते. अशा वेळी ‘देव फक्त ख्रिस्तात बोलला’ असं ठणकावून सांगणं हिटलरला दिलेलं उत्तरही होतं. पुढे नाझींनी हॉलंड घेतल्यावर क्रेमरना स्थानबद्धही केलं. आज त्यांना सरसकट कर्मठ ठरवणारे हे विसरतात.

दुसरे आल्फ्रेड जॉर्ज हॉग. हे स्कॉटिश गृहस्थ 1903 मध्ये मद्रासला आले आणि याच कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवता शिकवता प्राचार्य झाले. सर्वपल्ली राधाकृष्णन त्यांचे विद्यार्थी. हॉग म्हणाले, तुम्ही धर्मांची तुलना करता आहात. मी धर्मापेक्षा माणसाच्या श्रद्धेकडे बघतो. एखादा हिंदू मनापासून प्रार्थना करतो, तेव्हा देव ऐकतो की नाही? ऐकत असेल, उत्तर देत असेल, तर त्या माणसाच्या आयुष्यात देव स्वतः कामाला लागलेला आहे, आणि ती नुसती मानवी धडपड राहत नाही. जवळजवळ तीन तपं हिंदू विद्यार्थ्यांत काढलेला शिक्षक हे बोलत होता. त्याने अशी माणसं पाहिली होती. मला हॉग बरोबर वाटतात. धर्मव्यवस्था म्हणून हिंदू धर्माचा, किंवा ख्रिस्ती धर्माचाही, ताळेबंद मांडून कोण तरेल हे ठरवता येत नाही. तारण व्हायचं ते माणसाचं.

याच्या पुढचं सगळं त्या मानाने सोपं गेलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 आणि 1965 मध्ये कॅथलिक चर्चची भूमिका मोकळी केली : ज्यांना स्वतःचा दोष नसताना सुवार्ता कळली नाही, पण जे खऱ्या मनाने देवाला शोधतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. कार्ल रानर यांनी अशांना ‘अनामिक ख्रिस्ती’ म्हटलं. हेतू चांगला, पण ही उपाधी मला खटकते. सरफोजी महाराजांना त्यांच्या मागे ख्रिस्ती ठरवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? लेस्ली न्यूबिगिन 1965 ते 1974 या काळात मद्रासचे बिशप होते. ते म्हणत, कोण तरलं कोण बुडालं हा प्रश्नच आपण विचारू नये, न्यायासन देवाचं आहे. बिशपाने हे म्हणणं शहाणपणाचं आहे. पण आजीबद्दल विचारणाऱ्या मुलीला एवढ्यावर वाटेला लावता येत नाही.

ना. वा. टिळकांना मात्र ही अडचण पडली नव्हती. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा कवी सांगत असे, की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. मला पुढे विचारावंसं वाटतं : ज्या पुलावरून माणसं ख्रिस्तापर्यंत पोचतात, तो कुणी बांधला? तुकोबांची तळमळ देवानेच जागवली असेल, तर तुकोबांना पैलतीरी ठेवून देव टिळकांना तेवढं अलीकडे घेईल का?

चेन्नईत हा पूल रोज वाहता आहे. किलपॉकच्या गुरुकुल लूथरन कॉलेजचे हर्बर्ट हेफर यांनी 1980 च्या दशकात शहरात पाहणी केली. घरी येशूची प्रार्थना करणारी, पण बाप्तिस्मा न घेतलेली, कुठल्याच मंडळीच्या वहीत नाव नसलेली माणसं त्यांना मोठ्या संख्येने भेटली. बेझंट नगरच्या वेलांकण्णी मातेच्या उत्सवात, 29 ऑगस्ट ते 8 सप्टेंबर, भगव्या साड्या नेसून अनवाणी चालत येणाऱ्या बायकांमध्ये कितीतरी हिंदू असतात. मेणबत्ती लावतात, नवस फेडतात, मुलाचे जावळ काढतात आणि घरी जाऊन देवघरात दिवा लावतात. यांना आत धरायचं की बाहेर, हे ठरवायला बसलेली समिती मला फार दीनवाणी वाटेल.

त्या मुलीला मी कर्नेल्याची गोष्ट वाचून दाखवली. तुझ्या आजीची प्रार्थना ज्याने ऐकली तो येशूचाच पिता होता, दुसरा देव तिथे ऐकायला बसलेला नाही, असं सांगितलं. हा माझा विश्वास आहे आणि मी तो आडपडदा न ठेवता शिकवते.

यावर माझे सहकारी विचारतात, मग सुवार्ता सांगायची कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचं मला पटलेलं उत्तर तांबरमच्याच वर्षी मद्रासमध्ये छापलं गेलं. पी. चेंचय्या हे पुदुक्कोट्टै संस्थानात न्यायाधीश राहिलेले तेलुगू ख्रिस्ती. त्यांनी चक्करै आणि इतर मित्रांबरोबर परिषदेच्या तोंडावर क्रेमरना जवाब देणारं पुस्तक काढलं. चेंचय्यांच्या लेखी ख्रिस्त म्हणजे सृष्टीतला नवा मनुष्य, आणि सुवार्ता म्हणजे त्या नव्या जीवनात भागी होण्याचं बोलावणं. नरकाची भीती काढून घेतली तरी त्या बोलावण्याचं मोल तसूभर कमी होत नाही. हे म्हणणं आमच्या मंडळ्यांनी अजून मनावर घेतलेलं नाही. व्यासपीठावरून आजही आधी आग दाखवतात आणि मग पाणी. म्हणून यंदाच्या दुसऱ्या सत्रात मी क्रेमर, हॉग आणि चेंचय्या तिघेही एकत्र वाचायला लावले आहेत, आणि पहिला तास कॉलेजच्या त्याच आवारात घेणार आहे.