एक लिटर पाणी

गेल्या जूनमध्ये घरचा संगणक पाण्याने थंड करायचा बेत मी आखला, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "घरात आधीच ओल कमी आहे का?"

तिचं बरोबर होतं. मळवलीला आमचं दोन खोल्यांचं घर आहे. पावसाळ्यात इथे काडेपेटी पेटत नाही, चपलांना पांढरी बुरशी येते, आणि कपडे वाळवायला शेगडीवर टोपली पालथी घालावी लागते. अशा घरात, विजेवर चालणाऱ्या पन्नास-साठ हजारांच्या वस्तूच्या पोटात नळ्यांतून पाणी फिरवायचं म्हणजे डोकं फिरल्याचंच लक्षण. पण माझं कारण साधं होतं. मी घरांची थ्रीडी चित्रं करतो. वास्तुविशारद नकाशा पाठवतात, आणि अजून न बांधलेलं घर बांधल्यासारखं दाखवणं हे माझं काम. चित्र तयार व्हायला संगणक रात्र-रात्र चालतो. तो ज्या खोलीत आहे तिथेच आप्पा झोपतात. बायपासनंतर त्यांची झोप हलकी झाली आहे. रात्री दोनला पंख्यांनी सूर लावला की ते उठून बसायचे. बोलायचे काही नाहीत, नुसते बसून राहायचे. त्यांचं ते न बोलणंच मला लागायचं.

पाण्याने थंड केलेले संगणक शांत असतात, असं वाचलं होतं. ते खरंही आहे. सारख्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी हजारो पटींनी जास्त उष्णता वाहून नेतं. प्रोसेसरवर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवायचा, त्यातून पाणी फिरवायचं, ते रेडिएटरमध्ये न्यायचं, आणि तिथे मोठे पंखे सावकाश फिरवायचे. तयार भागांची यादी केली तेव्हा आकडा अडतीस हजारांवर गेला. माझी मर्यादा नऊ हजारांची. मग सुरू झाला जुगाड.

पंचवीसेक वर्षांपूर्वी, असे भाग बाजारात सहज मिळत नव्हते तेव्हा, हौशी लोक जुन्या मोटारीच्या हीटरची जाळी आणि माशांच्या टाकीतला पंप वापरत. मीही कामशेतच्या एका गॅरेजात गेलो. तिथल्या रेडिएटरवाल्याने दोन जाळ्या काढून दिल्या, एक पितळी आणि एक अॅल्युमिनियमची. पितळी जुनी होती, दोन ठिकाणी गळत होती. "डाग मारून देतो, काळजी करू नका," म्हणाला. अॅल्युमिनियमची नवी, हलकी आणि स्वस्त. मी तीच घेणार होतो, पण घरी येऊन वाचलं आणि थांबलो. एकाच पाण्यात तांबं आणि अॅल्युमिनियम ठेवलं की त्याची जणू बॅटरीच होते. अॅल्युमिनियम हळूहळू झिजतं आणि वर्षा-दोन वर्षांत भोक पडतं. म्हणजे पितळी जाळी घेणं आलं. पाणी नळाचं चालत नाही, क्षार साचतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो तेच डिस्टिल्ड वॉटर घ्यायचं. लागणार किती? सगळं मिळून एक लिटर.

आईच्या ओलीच्या शंकेचं उत्तरही सापडलं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं तसं या नळ्यांना सुटत नाही. रेडिएटर खोलीतल्याच हवेवर चालतो, त्यामुळे आतलं पाणी खोलीपेक्षा गार होऊच शकत नाही, आणि खोलीपेक्षा कोमट वस्तूवर दव पडत नाही. हे आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "आणि नळी सुटली तर?" त्याला उत्तर नव्हतं.

खरी परीक्षा आप्पांनी घेतली. ते एसटीत चालक होते. द्रुतगती मार्ग व्हायच्या आधी त्यांनी बोरघाटात किती खेपा केल्या असतील याचा हिशोब नाही. मी कागदावर काढलेली आकृती त्यांनी चष्मा लावून पाहिली.

"पंप कशावर चालणार?"

"घरच्या विजेवर."

"आणि मशीन?"

"तेही."

"दोन्हीचं बटण वेगळं?"

मी गप्प. पंपाचं बटण दाबायचं राहिलं, किंवा पंप अडकला, तर पाणी जागच्या जागी राहणार आणि संगणक तापत जाणार. त्यासाठी रिले लावावा लागतो, संगणक सुरू झाला की पंप आपोआप सुरू करणारा. तो यादीत नव्हता.

मग आप्पा बोलायला लागले. खोपोलीहून खंडाळ्याला चढताना गाडी उकळायची. अमृतांजन पुलाच्या आसपास वाफ सोडत उभ्या असलेल्या गाड्या नेहमीच्या. नवखा चालक घाईने झाकण उघडायचा आणि हात भाजून घ्यायचा. "लोकांना वाटायचं पाणी संपलं म्हणून तापली. पाणी असायचं रे. गाडी पहिल्या गिअरला रांगायची, वारा लागायचा नाही. पाणी काय करतंय? उष्णता इथनं उचलून तिथं नेतंय. तिथनं ती घ्यायला कुणी नसंल, तर पाणी बिचारं काय करणार?"

मी रात्री हिशोब मांडला. माझा प्रोसेसर भरात असताना 88 वॉट खातो, ग्राफिक्स कार्ड 170. मिळून अडीचशेच्या थोडं वर. मिनिटाला 3 लिटर पाणी फिरलं तर 250 वॉट उष्णतेने ते एका फेरीत जेमतेम 1.2 अंश तापतं, म्हणजे पाण्याला हे ओझं काहीच नाही. पण ते अडीचशे वॉट शेवटी आप्पांच्याच खोलीत सोडायचे होते, पंख्यांनीच. शिवाय चित्र करताना गरम होतं ते मुख्यतः ग्राफिक्स कार्ड, आणि माझ्या नऊ हजारांत फक्त प्रोसेसरचा ठोकळा बसत होता. म्हणजे सगळी यातायात 88 वॉटसाठी, आणि 170 वॉटचा पंखा तसाच ओरडणार.

उष्णता नाहीशी होत नाही, तिची जागा बदलते. पाण्याचंही तेच. आमच्या भागात हे कुणाला शिकवावं लागू नये. लोणावळा, वळवण आणि शिरोता या तलावांचं पाणी खरं तर पूर्वेकडे, भीमेच्या खोऱ्यात जायचं. टाटांनी ते अडवून घाटाखाली वळवलं आणि सुमारे 500 मीटर खाली खोपोलीला सोडून 1915 पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. पवना धरणाचं पाणी पिंपरी-चिंचवडला जातं. ते बंद जलवाहिनीतून नेण्याच्या विरोधात 9 ऑगस्ट 2011 ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी गेले. त्या दिवशी आप्पा अंगणात उभे राहून रस्त्याच्या दिशेने बघत होते, ते मला आठवतं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे तेव्हा हातात असलेलं काम. पवन मावळात, माझ्या मामाच्या गावाच्या वरच्या उतारावर एक बंगला होणार होता. पुढे पोहण्याचा तलाव, 8 मीटर लांब, 4 रुंद, सव्वा मीटर खोल. म्हणजे 40 हजार लिटर पाणी, दहा हजारी टँकरचे चार फेरे. मामाच्या गावात एप्रिलपासून टँकर येतो, तो आला की मामी हंडे घेऊन पळते. आणि गंमत अशी की माझा संगणक सर्वांत जास्त तापायचा तो नेमका हा तलाव करतानाच. भिंत, गवत, आभाळ लवकर होतं. पाण्यात शिरणारा, वाकणारा, तळावर जाळं विणणारा उजेड मोजायला त्याला तास-तास लागतात. आप्पांची झोप जात होती ती नसलेल्या पाण्यापायी.

मी ते काम सोडलं नाही. आप्पांची औषधं त्याच पैशांतून येतात. वास्तुविशारदाला फोनवर एकदा विचारलं, पाणी कुठून येणार? तो म्हणाला, "बोअर घेतील." मग म्हणाला, "त्या कोपऱ्यात गावाची टाकी दिसतेय बघ, तेवढी काढून टाक. व्ह्यू खराब होतोय." मी काढली. पाच मिनिटांचं काम. तिथे एक आंब्याचं झाड लावलं.

संगणकाचं काय केलं ते सांगतो. पितळी जाळी घेतली नाही. ग्राफिक्स कार्डाची वीज 170 वरून 120 वॉटवर बांधली. हे फुकट होतं आणि पहिल्याच दिवशी करता आलं असतं. चार मिनिटांच्या चित्राला आता साडेचार लागतात. दोन मोठे, सावकाश फिरणारे पंखे घेतले, वायरी लांब केल्या आणि संगणक भिंतीपलीकडे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात नेला. एकूण खर्च दोन हजारांच्या आत. आप्पा आता सलग झोपतात. संगणकाची गरम हवा फुकट जाते हे आईच्या लक्षात आलं, तेव्हा तिने पाठीमागे दोरी बांधली. गेल्या पावसाळ्यात आप्पांची कानटोपी आणि माझे मोजे तिच्यावरच वाळले.

दिवाळीत मामा आला होता. मी काय काम करतो ते त्याला बघायचं होतं, म्हणून तोच बंगला दाखवला. त्याने चित्र बराच वेळ पाहिलं. उतार ओळखला, मागचा डोंगर ओळखला, स्वतःचं शेत ओळखलं. तलावाकडे बघून म्हणाला, "पाणी लई झकास काढलंयस." मग चित्राच्या कोपऱ्यावर बोट ठेवून विचारलं, "हितं आमची टाकी होती ना रे?"

मी म्हणालो, "होती मामा. काढायला सांगितली."

"बरं," तो म्हणाला आणि चहा घ्यायला आत गेला.

ती फाईल अजून माझ्याकडे आहे. टाकी मी पुसलेली नाही, नुसती लपवली आहे. एका क्लिकवर परत येते.